जखम पुन्हा काळी पडली तर

श्रोतेहो, नमस्कार.

म्युकर म्हटलं की कोविडचे दिवस आठवतात. तेव्हा ही बुरशी नाकावाटे शिरत होती. तिची दुसरीही एक वाट आहे, अपघातात फाटलेल्या चेहऱ्याची.

रस्त्यावर फरफटत गेलेल्या माणसाच्या गालात माती, पालापाचोळा, लाकडाची कुसळं रुतून बसतात. अशा मातीत बुरशीचे बीजाणू असू शकतात. आपली धडधाकट कातडी त्यांना दाद देत नाही, पण ठेचलेल्या मांसात त्यांना आयती जागा मिळते. मधुमेह आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. मात्र धडधाकट माणूसही सुटतोच असं नाही. अमेरिकेतल्या जॉप्लिन गावावर 22 मे 2011 रोजी टोर्नेडो, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारी वावटळ आली, त्यातल्या 13 जखमींना म्युकर झाला आणि 5 जण दगावले. प्रतिकारशक्ती ढासळलेला त्यांत एकही नव्हता.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथली जखम लवकर भरते. या भरवशावरच आपण गाफील राहतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांतच घुसते. आत गुठळ्या होतात, रक्त थांबतं आणि मांस मरतं. ड्रेसिंग सोडल्यावर काल गुलाबी दिसलेली कड आज राखाडी दिसते, उद्या काळी. कापलं तरी रक्त येत नाही. कधी कडेला कापसासारखी पांढरी लव दिसते. साफ केलेली जखम पुन्हा काळी पडली, की नुसती अँटिबायोटिक बदलून वाट पाहू नये. तुकडा काढून तपासायलाच हवा, आणि सोबतच्या कागदावर ‘बुरशीची शंका’ असं स्पष्ट लिहायला हवं. कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी उगवून पाहण्यासाठी, हा तुकडा बारीक चिरायचा असतो. तो वाटून त्याचा लगदा केला तर बुरशीचे नाजूक तंतू तुटतात आणि ती उगवतच नाही.

मेलेल्या मांसात रक्त जात नाही, मग औषध तरी कसं पोचणार? म्हणून अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू असतानाही मेलेला भाग पुन्हा पुन्हा काढावा लागतो. गाल, पापणी, नाक कापायला सर्जनचा हात धजत नाही, नातेवाइकांना तर ते बघवतही नाही. चेहरा नंतर प्लास्टिक सर्जरीने पुष्कळसा उभा करता येतो, पण बुरशी डोळ्यामागून मेंदूकडे सरकली तर ती संधीच उरत नाही.

घरच्यांनी एक करावं. जखमेत माती गेली होती का, झाडाझुडपात पडले होते का, साखर किती असते, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच दिवशी सांगावं.