पेन्सिलीआधी परात

(अंगणवाडी सेविका, मदतनीस, पाळणाघर चालवणाऱ्या ताई आणि पालक यांच्यासमोर सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. सेविका ताई आणि मदतनीस ताई येणार हे ठाऊक होतं. पण मागच्या रांगांत आज्याही बसल्यात, याचा मला जास्त आनंद झालाय. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं त्यांच्या हातात आधीपासून आहे.

नर्सरीत नाव घालायला आलेले आईबाबा पहिला प्रश्न विचारतात, "लिहायला कधी घेणार?" मूल असतं तीन वर्षांचं. या प्रश्नाचं उत्तर आपण त्याच्या मनगटात शोधू. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही तयार नसतं, तिथे नुसती मऊ कूर्चा असते. पहिली दोन हाडं काही महिन्यांत धरायला लागतात. तिसऱ्या वर्षापर्यंत साधारण तीन होतात. आठवं तर मूल प्राथमिक शाळेत बरंच पुढे गेल्यावर येतं. ताकदही खांद्याकडून बोटांकडे उतरत जाते. आधी खांदा, मग दंड, मग मनगट, आणि बोटांचा नेमकेपणा सगळ्यात शेवटी. अशा हातात पेन्सिल कोंबली की मूल ती मुठीत आवळून धरतं, बोटं दुखतात आणि वहीचा कंटाळा येतो. त्याला लिहितं करायचं असेल, तर आधी त्याचा हात परातीत जाऊ द्या.

सुरुवात अगदी तान्ह्यापासून. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला पालथं ठेवायचं. झोपवताना मात्र उताणंच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, की अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान 30 मिनिटं पालथं खेळू द्यावं. मान उचलताना, कोपरावर भार घेताना जो खांदा घडतो, तोच पुढे लिहिताना हात पेलतो. मोबाइलबद्दलही तिथे स्पष्ट लिहिलंय. एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको. त्यावर मी जास्त बोलत नाही.

आता आज्यांकडे वळते. "इथे इथे बस रे मोरा" म्हणत तुम्ही बाळाच्या तळहातावर बोट टेकवता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग "भुर्रकन उडून जा". काही दिवसांनी बघा, 'भुर्र' यायच्या आधीच बाळ हसायला लागतं. पुढे काय होणार हे त्याला कळलेलं असतं. ते वाट बघतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, थांबलात तर आवाज करून मागतं. तुमची पाळी, मग त्याची पाळी. संवादाची ही पहिली शिकवणी आहे. म्हणून म्हणताना घाई करू नका. 'भुर्र'च्या आधी जरा जास्तच थांबा.

बाळ बसायला लागलं की एक टोपली करा. ब्रिटनमध्ये बालशिक्षणतज्ज्ञ एलिनोर गोल्डश्मीड यांनी 'खजिन्याची टोपली' ही कल्पना रुजवली. आपल्याकडे ती स्वयंपाकघरातच भरेल. लाकडी पळी, स्टीलची वाटी, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती रुमाल, मोठा चमचा. वजन वेगळं, गारवा वेगळा, आपटल्यावर आवाज वेगळा. प्लॅस्टिकच्या दहा खेळण्यांत हे मिळत नाही. टोपली पुढे ठेवायची, जवळ बसायचं आणि गप्प राहायचं. हे फार अवघड जातं, मला माहीत आहे. "हे बघ वाटी, वाजव वाटी" असं तोंडातून येतंच. पण बाळ करवंटी तोंडाशी नेतंय, फिरवून पाहतंय, तेव्हा त्याचं काम चालू आहे. त्यानं वर बघितलं, तर तुमचा चेहरा तिथे असावा, एवढं पुरे.

साधारण आठव्या महिन्यात वाटीखाली खुळखुळा लपवा. दिसत नसला तरी तो आहे, हे आता त्याला समजायला लागतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे बारकाईनं मांडलं. बाळाला बुवाकुक खेळायची गोडी लागते ती यातूनच.

चालायला लागलेलं मूल भरतं आणि ओततं, परत भरतं, परत ओततं. परातीत बोटभर पाणी आणि दोन पेले द्या. पण पाण्यापाशी मूल एकटं नको. इतक्याशा पाण्यातही जीव जाऊ शकतो, म्हणून तुमचा हात पोचेल इतक्या अंतरावर बसा. कणकेचा गोळा मळू द्या. सांगलीत हळदीची वाण नाही, चिमूटभर घातली की रंगही येतो. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आत खेळायला द्यायचेच नाहीत. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत सुमारे सव्वा इंच रुंदीचं नळकांडं वापरतात. त्यात मावणारी कुठलीही वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. घड्याळाचे चपटे सेल तर घरात असतील तिथून आजच उचला.

साहित्याला पैसे कुठून आणायचे, असं सेविका विचारतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पानं घेतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, हाही त्यांचाच आग्रह, आणि 'अंगणवाडी' हे नाव तिथलंच. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं ते नाव पुढे देशभर पोचवलं. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आई कोयता घेऊन उसाच्या फडात, आणि तान्हं बाळ बांधावर. ज्यांच्या अंगणवाडीजवळ असा तळ आहे, त्यांनी टोपली घेऊन तिथे जायलाच हवं. ती मुलं हजेरीपटावर नाहीत म्हणून आपली नाहीत, असं मला चालणार नाही.

तीन ते सहाच्या मुलांसाठी 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही खेळातूनच शिकणं धरलंय. भातुकली तर आहेच, पण सांगलीच्या मुलांनी हळदीचा सौदा का खेळू नये? एक अडत्या, एक शेतकरी, एक हमाल. मातीच्या ढेकळांची हळद, दोन करवंट्यांची तागडी. जड कोण, हलकं कोण, किती झाले, भाव परवडत नाही म्हणून भांडण. गणित आणि भाषा दोन्ही होतात. मग अडत्या झालेलं मूल कागद मागतं, "पट्टी लिहायची आहे." पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. कागदावर नुसत्या रेघोट्या येतात. त्या पुसू नका, "नीट काढ" म्हणू नका. "काय लिहिलंस, वाचून दाखव" एवढंच विचारा. लिहिण्याची गरज त्याला स्वतःहून लागली, की अक्षरं शिकवायला वेळ लागत नाही.

पालकांनी पुढच्या वेळी नर्सरी बघायला गेल्यावर वह्या मागू नयेत. मुलांचे हात दिवसभर कशात असतात, ते विचारावं. आणि सेविका ताईंनो, या महिन्याच्या गृहभेटीत सहा-सात महिन्यांचं बाळ असेल त्या घरी जाऊन, त्यांच्याच भांड्यांतून टोपली भरून द्या. आता प्रश्न विचारा.