पावसाळा, घाम आणि चेहऱ्यावरचं तेल

(पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात जुलै महिन्यात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मघाशी जिन्यावरून वर येताना कठड्यावर टाकलेले टॉवेल दिसले. एकाला हात लावून पाहिला, तो ओला होता. आज सकाळचा असेल, कदाचित कालचाही असेल. थोड्या वेळानं मी या टॉवेलकडे परत येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तुमच्या रेक्टर मॅडमनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घेतले होते. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत फिरून फिरून एकच तक्रार आहे: दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुते, तरी चेहरा तेलकटच राहतो. एकीनं लिहिलंय, ‘लातूरला होते तेव्हा असं नव्हतं, पुण्यात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सुरू झालं.’ तिचा प्रश्न मला फार आवडला, कारण तिनं स्वतःच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंय.

तेल येतं कुठून ते आधी बघू. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तळहात आणि तळपाय सोडले तर ती अंगभर असते. कपाळ, नाक, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथींची दाटी असते. त्यांच्यावर हुकूम चालतो तो अँड्रोजेन नावाच्या हार्मोन्सचा. ती मुलींच्या अंगातही असतात, म्हणून वयात येताना चेहरा तेलकट व्हायला लागतो. हे शरीराचं ठरलेलं काम आहे, तुमच्या अस्वच्छतेची खूण नाही.

उष्णतेनंही तेल वाढतं. ब्रिटनमध्ये 1970 साली झालेल्या एका अभ्यासात त्वचेचं तापमान एका अंशानं वाढलं की तेल साधारण दहा टक्क्यांनी जास्त बाहेर येतं, असं दिसलं होतं. आता तुम्हीच विचार करा. पुण्यात एप्रिलमध्ये पारा 38-40 पर्यंत जातो आणि जुलैत दुपारी तो 28 च्या आसपास असतो. मग चेहरा एप्रिलमध्ये जास्त तेलकट वाटायला हवा. तुम्हाला मात्र तो जुलैत वाटतो. का?

कारण घाम. एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, घाम आला की उडून जातो, कळतही नाही. पावसाळ्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडायला जागाच मिळत नाही. तो तिथेच राहतो, तेलात मिसळतो आणि चेहराभर पसरतो. पावसाळ्यात ज्याला आपण ‘तेल’ म्हणतो, त्यात घामाचा वाटा फार मोठा असतो. शिवाय ओल धरल्यामुळे त्वचेचा वरचा थर किंचित फुगतो. पावसात भिजून बोटं पांढरी पडतात ना, तसंच काहीसं. त्यानं तैलग्रंथीचं बारीक तोंड आवळलं जातं, आतला माल अडकतो आणि पुटकुळी येते. म्हणून कोरड्या हवेतून इथे आलेल्या मुलीला पहिल्या पावसाळ्यात हा फरक जाणवतो. तिचं काहीच चुकलेलं नसतं.

एकदा हे समजलं की उपाय बदलतो. घाम टिपायचा असतो, घासायचा नसतो. पिशवीत एक मऊ सुती रुमाल फक्त चेहऱ्यासाठी ठेवा. बसचा दांडा धरलेला हात पुसायचा रुमाल वेगळा. फेसवॉशनं तोंड धुवायचं ते दिवसातून दोनदाच. मध्ये घाम आला तर साधं पाणी पुरतं.

जास्त वेळा धुतलं तर ग्रंथी चिडून आणखी तेल बनवतात, असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. वर तेल किती उरलंय हे ग्रंथीला कळण्याची सोयच नाही. नुकसान होतं ते वेगळ्या कारणानं. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या साबणाच्या वडीचा नऊ-दहा. पाच वेळा साबण लावलात की वरचं संरक्षक आवरण विरतं. तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी होते, त्याला आपण स्वच्छ वाटलं म्हणतो. ते स्वच्छ वाटणं नव्हे, ती इजा आहे. अशा त्वचेवर पुढे औषध लावलं की आग होते, औषध बंद पडतं आणि पुटकुळ्या तशाच राहतात. म्हणून तेलकट त्वचेलाही पाण्यासारखं हलकं, जेलच्या रूपातलं मॉइश्चरायझर लागतं. ट्यूबवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, हा शब्द शोधा.

लिंबू चेहऱ्याला लावू नका. खाण्याचा सोडाही नको. एक आम्ल, दुसरा अल्कली, आणि दोन्हींनी भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. मुलतानी माती तेल शोषते, आठवड्यातून एकदा लावायला माझी हरकत नाही. फक्त ती वाळून तडे जाईपर्यंत थांबू नका, ओलसर असतानाच धुवा. डाळीचं पीठ लावा, पण खरवडू नका.

आता स्कार्फ. पुण्यात दुचाकी चालवणारी मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते, हे आता शहराच्या चेहऱ्यासारखंच झालंय. धूर, धूळ आणि ऊन यांपासून तो वाचवतो, तो सोडा असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आली होती. कपाळ स्वच्छ, नाक स्वच्छ, आणि जबड्याच्या कडेनं, कानापासून हनुवटीपर्यंत, पुटकुळ्यांची रांग. तिच्या महागड्या तीन क्रीम वापरून झाल्या होत्या. मी तिला विचारलं, स्कार्फ कुठे ठेवतेस? म्हणाली, डिकीत. भिजला तरी? हो, संध्याकाळी तोच बांधते. दाब, घर्षण आणि ओल, तिन्ही रोज तासभर एकाच जागी. हेल्मेटच्या पट्ट्याखाली, रेनकोटच्या कॉलरखाली, पाठीवर सॅकच्या पट्ट्यांखाली हेच होतं.

तिला मी दोन पातळ सुती स्कार्फ घ्यायला सांगितले. एक वापरायचा, एक धुवायचा. पावसात वाळत नसेल तर इस्त्री फिरवायची. तेच तुमच्या टॉवेलचं. जाड टर्किश टॉवेल या दिवसांत दोन दिवस वाळत नाही. चेहऱ्यासाठी पंचा वापरा, आपल्या आजी-आजोबांचा साधा सुती पंचा. तो पंख्याखाली काही तासांत वाळतो. उशीचा अभ्राही आठवड्यातून दोनदा बदला.

केसांच्या तेलाबद्दल मला जपून बोलायला हवं, कारण बाटली आईनं दिलेली असते. 1970 साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्याला लावायच्या तेलकट पदार्थांमुळे कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचं सविस्तर वर्णन केलं. आपल्याकडे रात्रभर खोबरेल चोपडून झोपणाऱ्या मुलींच्या कपाळावर अगदी तेच दिसतं. तेल लावा, पण केसांच्या लांबीला, न्हायच्या आधी तासभर. रात्रभर नको.

शिवाय आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर मॅलॅसेझिया नावाचं एक यीस्ट राहतं. ते चरबीवर जगतं आणि ओल मिळाली की फोफावतं. पावसाळ्यात वाढणारा कोंडा, पाठीवर उठणारी फिकट शिबं, हे त्याचंच काम. त्याच यीस्टमुळे कपाळावर, छातीवर, पाठीवर अगदी मुरुमांसारखे दिसणारे फोड येतात. ओळखायचे कसे? ते सगळे एकाच आकाराचे असतात, त्यांत काळे ठिपके नसतात आणि मुख्य म्हणजे खाजतात. मुरुम सहसा दुखतात, इतके खाजत नाहीत. या फोडांवर मुरुमांची अँटिबायोटिक गोळी घेतली तर ते वाढतात, कारण त्वचेवरचे जिवाणू कमी होऊन यीस्टला मोकळं रान मिळतं. मैत्रिणीची गोळी घेऊ नका असं मी कळवळून सांगते ते यासाठी.

खाण्याबद्दल थोडक्यात. कांदाभजीतलं तेल चेहऱ्यावर येत नाही, तसा मार्गच शरीरात नाही. रक्तातली साखर भराभर वाढवणाऱ्या पदार्थांचा मात्र संबंध आहे. ऑस्ट्रेलियात 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 ते 25 वयाच्या 43 मुलांपैकी काहींना बारा आठवडे असे पदार्थ कमी करून दिले, तेव्हा त्यांचे मुरुम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. श्रावणात उपवासाला सकाळ-संध्याकाळ साबुदाणाच खात असाल, तर एका वेळी भगर, दाण्याची आमटी आणि ताक घेऊन बघा. सनस्क्रीन ढग असले तरी लावा, जेलचं घ्या. डाग काळे पडतात ते उन्हाच्या किरणांनी.

खऱ्या मुरुमांवर चांगली औषधं आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचंही जवळपास दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि आग कमी करतं. त्यानं रंगीत पंच्यावर पांढरे डाग पडतात, तेवढं सांभाळा. अडापलीन हे लावायचं दुसरं औषध, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, रात्री, वाटाण्याएवढं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी निराश होऊ नका. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, किंवा फोड खोल, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतील, तर क्रीमवर वेळ घालवू नका, थेट तपासणीला या.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम आले ते सांगते. औषधाच्या दुकानात ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा एक छोटी ट्यूब हातात येते. ती लावली की चार दिवसांत पुटकुळ्या बसतात, रंग उजळतो. मैत्रीण विचारते, काय लावतेस? मग ती ट्यूब मजलाभर फिरते. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. नावं वाचून ठेवा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. नायट्यावरच्या मिश्र क्रीममध्येही ती असतात. काही आठवड्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक केस येतात, नवे फोड उठतात. लावणं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून मुलगी घाबरून पुन्हा लावते. भारतात हे इतकं बोकाळलं की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या आजाराला वेगळं नाव दिलं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी त्या ट्यूब आजही मिळतात. माझ्या दवाखान्यात एकोणीस-वीस वर्षांच्या मुली तोंडावर ओढणी घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या बहुतेकींना आधी फक्त चार-दोन पुटकुळ्या होत्या. त्या आपोआपही गेल्या असत्या. हे बघताना मला फार वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणी महिनोन् महिने अशी क्रीम लावत असेल, तर आज रात्री एकदम बंद करू नका. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते. खोलीत जा आणि आहे ती ट्यूब खोक्यासकट घेऊन या, अर्धी वापरलेली असली तरी चालेल. मी खाली ऑफिसशेजारच्या खोलीत साडेसातपर्यंत बसणार आहे. एकेकीनं या, दार लावून घेऊ.