दोन्ही पायांनी लंगडा, आणि राजाच्या पंक्तीला

बंधुभगिनींनो, मला विषय दिलाय 'सुखात आणि दुःखात देवाची अढळ प्रीती'. विषय मोठा, वेळ पाऊण तास. तरीही मी सुरुवात एका माणसाच्या पायांपासून करणार आहे. विषयाकडे येते मी, काळजी करू नका.

शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर एकाच लढाईत पडले. ती बातमी घरी पोचली तेव्हा योनाथानाचा मुलगा पाच वर्षांचा होता. दाईनं त्याला उचललं आणि ती जीव घेऊन पळाली. त्या धावपळीत पोर हातातून पडलं आणि दोन्ही पायांनी कायमचं अधू झालं. मफीबोशेथ त्याचं नाव. पुढे वर्षं गेली, दावीद राजा झाला. एक दिवस तो विचारतो, "योनाथानासाठी मी ज्याच्यावर दया करावी असा शौलाच्या घराण्यातला कुणी उरलाय का?" सीबा नावाचा जुना चाकर सांगतो, आहे एक, पण पायांनी अधू आहे. आता विचार करा. गादीवर नवा राजा बसलाय आणि तो जुन्या राजाच्या नातवाला शोधतोय. मफीबोशेथाला काय वाटलं असेल? तो येतो, पालथा पडतो, स्वतःला मेलेला कुत्रा म्हणतो. आणि दावीद म्हणतो, भिऊ नकोस. आजोबांची सगळी जमीन तुला परत, आणि आजपासून तू रोज माझ्या पंक्तीला जेवायचं.

ज्यांच्या हातात बायबल आहे त्यांनी २ शमुवेल ९ उघडा. मोबाइलवाल्यांनीसुद्धा. अध्यायाचं शेवटचं वचन बघा. तो नेहमी राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता.

दोन्ही गोष्टी एकाच वचनात. मी कितीतरी उपदेशांत ऐकलंय की मेजाशी बसल्यावर त्याचे पाय मेजाखाली झाकले जात, कुणाला दिसत नसत. ऐकायला गोड आहे, पण लेखकानं असं लिहिलेलं नाही. त्यानं पाय झाकले नाहीत, उलट शेवटच्या ओळीत मुद्दाम पुन्हा समोर आणले. राजाचं प्रेम पूर्ण होतं. पाय बरे झाले नाहीत.

दावीद जी 'दया' म्हणतो तिला मूळ हिब्रूत शब्द आहे हेसेद. जुन्या करारात तो सुमारे अडीचशे वेळा येतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या स्तोत्रसंहितेत. आणि भाषांतर करणाऱ्यांना या शब्दानं फार छळलंय. प्रेम म्हणावं तर त्यात दिलेल्या शब्दाला जागणं येत नाही. निष्ठा म्हणावं तर त्यातली ओल जाते. १५३५ साली माइल्स कव्हरडेल यांनी इंग्रजी बायबल छापलं, तेव्हा त्यांनी प्रीती आणि ममता असे दोन शब्द जोडून एक नवा शब्द केला, 'लव्हिंगकाइंडनेस'. आपल्या मराठी बायबलमध्ये कुठे दया आहे, कुठे कृपा आहे आणि काही ठिकाणी आहे वात्सल्य. मला यातला वात्सल्य सगळ्यात जवळचा वाटतो. वत्स म्हणजे वासरू. नुकतं जन्मलेलं वासरू ओलं असतं, धडपडत असतं, त्याला धड उभंही राहता येत नाही, आणि गाय त्याला चाटत असते. त्या क्षणापर्यंत वासरानं काय केलेलं असतं? काहीच नाही. जन्माला आलंय एवढंच. आणि गाय त्याला चाटताना ते उभं राहील का, चालेल का, याची वाट बघत नाही.

हेसेद म्हणजे हे, आणि त्यात शब्दाला जागणं मिळवा. योनाथान दावीदाचा जिवलग मित्र, आणि त्याच्या घराण्यावर दया करीन असं वचन दावीदानं त्याला दिलं होतं. आता योनाथान मरून कैक वर्षं झाली होती. दावीदानं वचन मोडलं असतं तर विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आणि असं प्रेम सगळ्यांना आवडतंच असं नाही हं. संपूर्ण बायबलमध्ये देव प्रेमळ आहे म्हणून रागावलेला माणूस मला एकच सापडतो, योना. देव या संदेष्ट्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो आधी पळतो, मग जातो. निनवे शहर पश्चात्ताप करतं, देव त्यांना सोडतो, आणि संदेष्टा रुसून बसतो. म्हणतो, मला हे आधीच माहीत होतं, म्हणूनच तर मी पळून गेलो होतो. तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध, हेसेदानं भरलेला! मोशेला सीनायवर, निर्गम ३४ मध्ये, हेच शब्द मिळाले होते. मोशेनं ते ऐकून दंडवत घातलं, आणि योना त्याच शब्दांची तक्रार करतो. त्यावर देव त्याच्याशी वाद कसा घालतो बघा. एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत या शहरात, आणि पुष्कळ गुरंढोरंही. देव गुरंसुद्धा मोजतो. तुम्ही हसलात ते बरं झालं, कारण आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला स्वतःला थोडा धीर लागतो.

माझी तक्रार आहे आपल्या साक्षींबद्दल. उपासनेत साक्षीची वेळ येते. कुणी उठून सांगतं, ऑपरेशन यशस्वी झालं, गाठ साधी निघाली, नोकरी मिळाली, देव किती चांगला आहे! आपण सगळे म्हणतो, आमेन. ते खरंच आहे, त्यात खोट काहीच नाही. पण साक्ष द्यायला उभं कोण राहतं हे कधी मोजलंत का? ज्यांचं निभावलं तेच.

मीही उभी राहिले होते. माझ्या धाकट्या बहिणीचं मोठं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, सगळं काढलंय. त्याच रविवारी मी चर्चमध्ये उठले आणि जवळजवळ दहा मिनिटं बोलले. देवानं आमची प्रार्थना ऐकली, कारण देवाचं आमच्यावर प्रेम आहे. हे 'कारण' मी वापरलं, मला नीट आठवतं. माझ्या मागच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्याच वॉर्डात, आमच्यापासून तीन खाटा सोडून, त्यांचा मुलगा होता. तो आदल्या मंगळवारी गेला होता. मला ते ठाऊक होतं. त्याला शेवटचं नेलं तेव्हा मी वॉर्डाच्या दाराशी उभी होते. आणि तरीही रविवारी आनंदाच्या भरात मी त्यांच्यासमोर म्हणाले की देवानं आमचं ऐकलं, कारण त्याचं आमच्यावर प्रेम आहे.

मग त्यांच्यावर नव्हतं का? त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. उपासना संपल्यावर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमची बहीण बरी होऊ दे." बस, एवढंच.

चार महिन्यांत दुखणं परतलं. पहिल्या दिवसापासून धरलं तर अकरा महिने झाले आणि बहीण गेली. त्या शेवटच्या दिवसांत भेटायला येणारे लोक काय काय बोलत, ते मी आज सांगत बसत नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले होते, तेवढे दिवस ते फार चांगले मित्र होते.

एका रात्री तिला झोप येईना. मी म्हटलं, तेविसावं स्तोत्र वाचू? ती म्हणाली, "नको. ते पाठ आहे. दुसरं काहीतरी वाच, खरं वाटेल असं." मी पानं उलटत होते आणि बोट ८८ वर थांबलं. हेमान एज्राहीचं स्तोत्र. जवळपास सगळ्या विलाप-स्तोत्रांना शेवटी कुठेतरी वळण मिळतं, आशा येते. याला येत नाही. हिब्रूत तर शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. मी वाचत गेले आणि मलाच भीती वाटायला लागली की हे आजाऱ्याला का वाचून दाखवतेय. तिनं डोळे उघडले. "हेपण बायबलमध्ये आहे?" मी म्हटलं, आहे. "परत वाच."

दुसऱ्यांदा वाचताना मला ती ओळ दिसली, अकरावं वचन. तुझ्या दयेचं वर्णन कबरेत होईल का? तिथंही हेसेद आहे. बायबलमधल्या सगळ्यात काळोख्या स्तोत्रात तो शब्द आहे, आणि तो प्रश्न म्हणून आहे. देवाच्या तोंडावर फेकलेला प्रश्न. आणि देवानं तो आपल्या पुस्तकात ठेवून घेतला, खोडला नाही.

मग मी पान उलटलं. ८९ वं स्तोत्र, पहिली ओळ: परमेश्वराच्या हेसेदाचं गीत मी सदोदित गाईन. लिहिणारा एथान एज्राही. दोन्ही स्तोत्रांच्या मथळ्यांवर एज्राही. एक विचारतो, तुझी दया कबरेत कोण सांगणार, आणि लगेच पुढच्या पानावर दुसरा एज्राही म्हणतो, मी गाईन. ज्यानं ही स्तोत्रं शेजारी शेजारी लावली त्याला मी त्या रात्री मनापासून धन्यवाद दिले. बहीण झोपली होती तोवर.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, मग आता जे सांगायचं कबूल केलं होतं ते भरभर सांगते, मला माफ करा.

दुःखाबद्दल एकच जागा दाखवते, विलापगीत. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराला. त्यावरची ही पाच गीतं. तिसरं गीत हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बांधलंय, प्रत्येक अक्षराला तीन वचनं, एकूण सहासष्ट. कवी आक्रोश करत एकेक अक्षर पार करतो आणि आठव्या अक्षरावर, 'हेथ'वर येतो. त्याच अक्षरानं हेसेद सुरू होतो. बाविसावं वचन: परमेश्वराच्या दयेमुळे आम्ही नष्ट झालो नाही. तेविसावं: ती रोज सकाळी नवी असते. 'नवी' हा शब्दही त्याच अक्षराचा. चोविसावं: परमेश्वर माझा वाटा आहे. 'वाटा'सुद्धा त्याच अक्षराचा. शहर अजून उद्ध्वस्तच आहे, आणि पुढच्या अक्षरांत रडणंही परत येतं. पण अक्षरं म्हणत म्हणत तो इथं पोचला. शोकालाही त्यानं वर्णमाला धरून ठेवली आणि तिनं त्याला इथं आणून सोडलं.

आता सुख. सुखाबद्दल आपण बोलतच नाही, कारण सुखात देवाचं प्रेम सोपं वाटतं. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढा. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काय वेगळं करील, हे पौल विचारतो, आणि लिहिणारा साधा माणूस नाही. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीनदा जहाज फुटलं, हे त्यानं करिंथकरांना स्वतः लिहिलंय. तो क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार मोजतो. मग दुसरी यादी सुरू होते, मरण, आणि त्याच्या लगेच पुढे जीवन. जीवन कशाला? कारण भरलेलं घरसुद्धा माणसाला देवापासून दूर नेऊ शकतं. 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे नेमकं हेच बजावतो: पोट भरेल, चांगली घरं बांधाल, तेव्हा विसरू नका. पौल म्हणतो, तेही वेगळं करू शकणार नाही. म्हणजे माझ्या विसरण्यानं देवाचं प्रेम थांबत नाही.

दहा कुष्ठरोगी आठवा, लूक १७. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. येशूला दुःख झालं, त्यानं विचारलं, बाकीचे नऊ कुठे? पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. विनाअट म्हणजे काय हे मला त्या नऊ जणांवरून कळतं.

आणि शेवटचं, खरंच शेवटचं. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, हा माझा परमप्रिय पुत्र. वधस्तंभावर त्याच पुत्रानं हाक मारली, एली, एली, लमा सबख्थनी, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? प्रेमही खरं होतं आणि ती हाकही. आदल्या रात्री भोजनानंतर त्यांनी स्तोत्र गाइलं आणि मग ते बाहेर पडले, असं मत्तय लिहितो. वल्हांडण या यहूदी सणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायची परंपरा होती. ११८ सुरू होतं आणि संपतं एकाच ओळीनं: त्याची दया सनातन आहे. ही परंपरा धरली तर गेथशेमाने बागेत, जिथं त्याला धरलं, तिथं जाताना प्रभूच्या ओठांवर ही ओळ नुकतीच येऊन गेली होती.

तेच स्तोत्र आपण आता म्हणू या, पहिली चार वचनं. पहिला भाग मी म्हणेन, 'त्याची दया सनातन आहे' हे तुम्ही म्हणायचं. ज्यांना आज ते म्हणवत नसेल त्यांनी नुसतं बसून राहावं, शेजारचा त्यांच्यासाठी म्हणेल. बहीण गेल्यावर मी कितीतरी रविवार गप्प बसून असायचे. तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसायच्या आणि ही ओळ म्हणायच्या त्या कोण, ते तुम्ही ओळखलं असेल. मागचा बाक सोडून पुढे आल्या होत्या त्या.

स्तोत्र ११८, वचन पहिलं. मी सुरू करते.