आधी कचऱ्याची टोपली उघडा

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'कॅनन ८०डी की निकॉन डी७२००'. त्याच्याखाली कुणीतरी हळूच 'अजून डीएसएलआर?' (म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) असंही खरडलंय. अक्षर ओळखीचं आहे, नाव घेत नाही. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवी माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ती जागा) आणली आणि तेव्हापासून त्यांचा सगळा जीव तिकडेच आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यामुळेच तर हे दोन कॅमेरे सेकंडहँड बाजारात आलेत, सोबत लेन्सांची रास घेऊन. मोबाइल बाजूला ठेवून पहिला खरा कॅमेरा घ्यायचाय आणि खिसा बेताचा आहे, अशा माणसापुढे हाच पेच उभा राहतो. आज मी निकाल देणार आहे, नुसतं 'दोन्ही चांगले' म्हणून पळ काढणार नाही. तेवढा वेळ मात्र उरू द्या.

कागदावर हे दोघे जुळे भाऊ. सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, दोघांचाही २४.२ मेगापिक्सेलचा. शटर दोघांचंही १/८००० सेकंदापर्यंत जातं. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीत, दोघांतही शंभर टक्के चौकट दिसते. निकॉन मार्च २०१५चा, कॅनन फेब्रुवारी २०१६चा. निकॉन सेकंदाला ६ फोटो काढतो, कॅनन ७. त्या सातव्या फोटोवरून दोन मित्रांत अबोला झालेला मी पाहिलाय. दोघांनीही तोवर झाडाचेच फोटो काढले होते.

मीही यातून गेलोय. एक्सेलमध्ये तक्ता केला, त्रेचाळीस ओळींचा. प्रत्येक ओळीला गुण. बेरीज केली तर फरक अर्ध्या गुणाचा. मग कशाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवायला बसलो. बॅटरीला जास्त, वजनाला कमी, मग उलट. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मला मनातून हवा असलेला कॅमेरा जिंकेपर्यंत मी आकडे हलवतोय. एवढंच करायचं होतं तर तक्ता कशाला हवा होता? (हसू नका, पुढच्या रांगेतल्या दोघांच्या फोनमध्ये असाच तक्ता आहे, मघाशी दाखवलाय त्यांनी.)

या फंदातून मला बाहेर काढलं एका नाटकाच्या रंगीत तालमीनं. फोटो काढायला मला बोलावलं होतं. माझा तेव्हाचा कॅमेरा जुना निकॉन, कार्डाचा स्लॉट एकच. पहिला अंक झाला, मध्यंतरात फोटो बघायला गेलो, तर कॅमेरा म्हणतो कार्डच नाही. कार्ड काढलं, पुसलं, फुंकर मारली, परत घातलं. मेलं होतं ते. कार्ड कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, पण त्यांच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरात 'विश्वास' असा काहीसा शब्द होता. अख्खा पहिला अंक गेला. एका मित्रानं दया येऊन आपला कॅनन हातात दिला.

आता गंमत ऐका. विंगेत अंधार. मला लेन्स बदलायचीय. खटका दाबला, लेन्स फिरवली, हलेना. जोर लावला, हलेना. निकॉनची लेन्स समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवून निघते, कॅननची बरोबर उलट! म्हणजे मी बसलेल्या लेन्सला आणखी बसवत होतो. तिकडे रंगमंचावर राजा मरायला टेकलेला. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहून सगळ्यांना थांबवलं, 'फोटो होऊ देत' म्हणाला. अर्धवट मेलेला राजा एक डोळा उघडून मला विचारतो, "मरू का?" शेवटी लेन्स निघाली, दुसरी लागली, आणि मी अंधार म्हणून हातानं फोकस करायला घेतला. फोकसची रिंगही उलटीच. राजा स्पष्ट व्हावा म्हणून फिरवावी, तर राजा धुक्यात. त्या अंकाचे माझे फोटो पाहून नेपथ्यकारानं विचारलं, धूर कुणी सोडला होता?

घरी आलो आणि पहिल्यांदाच एक शहाणपणाचं काम केलं. कॉम्प्युटरवरची कचऱ्याची टोपली उघडली. उडवायला काढलेले दोनेकशे फोटो एकेक करून पाहिले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, हा का वाया गेला? हात हलला. डोळे मिटले. फोकस कानावर. सावलीतला चेहरा उजळवला तर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके. जमिनीलगत वाकता आलं नाही म्हणून चौकट वाकडी. मेगापिक्सेल कमी पडले म्हणून वाया गेलेला? एकही नाही. सेकंदाला एक फोटो कमी पडला म्हणून? एकही नाही. माझ्या त्रेचाळीस ओळींपैकी तीस ओळी अशा कारणांच्या होत्या, ज्यांनी माझा एकही फोटो कधी बुडवला नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच, की कॅमेरा निवडताना चांगले फोटो बघू नका, आपले बुडालेले बघा. डोळे मिटलेल्यांना आणि हललेल्या हाताला कुठलाच कॅमेरा तारणार नाही, ते आधीच बाजूला काढा. उरतील त्यांत हे दोघे कुठे वेगळे पडतात ते बघायचं, आणि खरं व्याख्यान इथूनच... काय? दहा मिनिटं? राजावर वेळ गेला वाटतं. बरं, पळतो.

सावल्या उजळताना ठिपके येत असतील, तर निकॉन. कमी आयएसओवर, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता कमी ठेवल्यावर, त्याच्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फोटोतून) सावलीतला तपशील जास्त स्वच्छ निघतो. ८०डी कॅननच्या आधीच्या मॉडेलपेक्षा सुधारलेला आहे, तरी इथे मागेच.

फोटो खाली वाकता न आल्यामुळे बुडत असतील किंवा व्हिडिओत फोकस भरकटत असेल, तर कॅनन, विचारच नको. त्याचा पडदा बाहेर येऊन वळतो, बोटानं चालतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत वाटलेला आहे, त्यामुळे पडद्यावर बघून काम करतानाही फोकस सरळ जागेवर जातो. निकॉनचा पडदा घट्ट बसवलेला, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे पडद्यावर बघून फोटो काढताना, तो फोकस पुढे-मागे चाचपडत शोधतो. फोरके, म्हणजे जास्त बारकाव्याचा व्हिडिओ, कुणालाही विचारू नका, ते दोघांतही नाही.

व्ह्यूफाइंडरमधला फोकस चुकत असेल तर? निकॉनचे ५१ बिंदू, पण आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे त्यातले १५. कॅननचे ४५, सगळेच्या सगळे तसे. कडेच्या बिंदूवर चेहरा ठेवायची सवय असेल तर कॅनन. अंधाराचं म्हणाल तर मधल्या बिंदूवर दोघे सारखेच.

कार्ड मेलं असेल, तर निकॉन. त्यात दोन स्लॉट आहेत, एकाच वेळी दोन्हींवर फोटो लिहिता येतो. बॅटरीही जास्त टिकते, १,११० फोटो, कॅननची ९६०.

घरात जुन्या लेन्स असतील, तर हे सगळं विसरा आणि त्या कोणत्या ते बघा. निकॉनचं माउंट १९५९चं आहे, आणि डी७२००च्या अंगात फोकसची मोटर असल्यानं जुन्या एएफ-डी लेन्सही (ज्यांच्यात स्वतःची मोटर नसते) चालतात. कॅननचं ईएफ नावाचं माउंट १९८७चं, त्याआधीच्या एफडी माउंटच्या लेन्स त्यावर बसत नाहीत. एक मजा सांगतो, माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनचं ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४. या अडीच मिलिमीटरच्या जागेत कडं बसवून निकॉनची लेन्स कॅननवर लावता येते, फोकस हातानं करायचा. उलटं करायला गेलात तर दूरचं काहीच स्पष्ट दिसत नाही, कड्यात जादा भिंग घातलं तरच. यावर माझं अर्ध्या तासाचं बोलणं आहे, पण संयोजक उभे राहिलेत.

सेकंडहँड घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचाराच. निकॉनच्या शटरचं आयुष्य १,५०,००० फोटोंचं धरलेलं आहे, कॅननच्या १,००,०००चं.

हो, हो, निकाल. मी डी७२०० घेतला, कार्डामुळे. माझी बहीण व्हिडिओ करते, तिला मीच ८०डी घ्यायला लावला. दोन्ही त्या टेबलावर ठेवलेत, हाताळून बघा. लेन्स काढायची असेल तर मला हाक मारा, आणि तोवर जोर लावू नका.