घड्याळी तास

(पहाटेचं बसस्थानक. फलाटावर लागलेली एसटी.)

सकाळचे साडेसहा वाजलेत. जिल्ह्याहून तालुक्याला जाणारी पहिली गाडी फलाटाला लागली आहे. आत दुधाचे रिकामे कॅन, दोन नर्सबाई, तीन शाळामास्तर आणि खिडकीशी मांडीवर डबा घेऊन बसलेले सर. भूगोलात एम.ए., नेट पास, पीएच.डी. चौदा वर्षं झाली, ते याच गाडीनं जातात. कंडक्टर त्यांना तिकिटाचं विचारत नाही. खिशातून पासाची कड दिसली की पुढे सरकतो.

गाडीतल्या लोकांसाठी ते प्राध्यापक आहेत. कागदावर ते 'घड्याळी तासिका तत्त्वावरील अध्यापक' आहेत. बोलताना सगळे एवढंच म्हणतात, "सर सीएचबीवर आहेत." सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे.

चित्रीकरणाला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. नाव सांगायचं नाही, कॉलेजचं नाव दाखवायचं नाही. येत्या जूनमध्ये त्यांची पुन्हा मुलाखत आहे. त्याच कॉलेजात, त्याच जागेसाठी, पंधराव्यांदा.

(गाडी घाट चढते आहे. दोन्ही बाजूला बालाघाटचे उघडे डोंगर.)

ही कॉलेजं मराठवाड्यात सहज आलेली नाहीत. निजामाच्या राज्यात इथल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्येच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं होतं आणि मुलं तिथं राबून, कमवून शिकत होती. पुढच्या पन्नास वर्षांत कॉलेज तालुक्यापर्यंत आलं. आज महाराष्ट्रात साडेचार हजारांहून जास्त महाविद्यालयं आहेत. देशात उत्तर प्रदेशानंतर आपलाच नंबर. घरात पहिल्यांदा कुणीतरी बारावीच्या पुढे गेलं, अशी लाखो घरं या कॉलेजांनी उभी केली. हे मोठं काम आहे आणि ते विसरून पुढचं काही बोलता येत नाही.

इमारती वाढल्या, तशी सरकारची पगाराची जबाबदारी मात्र वाढली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित, म्हणजे सरकारी पगार नसलेल्या, अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. २००१ नंतर मंजूर झालेल्या नव्या महाविद्यालयांच्या परवानगीवर 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का बसू लागला. आणि जी अनुदानित होती, तिथं माणसं निवृत्त होत गेली, जागा तशाच राहिल्या.

(कॉलेजचं आवार. कडुनिंबाखाली मोटरसायकली. भूगोल विभागाचं दार.)

सरांच्या विभागात पूर्वी तीन कायम प्राध्यापक होते. तिघेही निवृत्त झाले. भिंतीवर त्यांच्या निरोप समारंभाचे फोटो आहेत. आता विभागप्रमुख दुसऱ्या विषयाचे आहेत आणि भूगोल शिकवतात ते सीएचबीवाले दोघे.

हिशेब समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट या हिशेबात अडकली आहे. पदवीच्या वर्गावर एका तासाचे ९०० रुपये. २०२३ सालापर्यंत हा दर ६२५ होता. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. म्हणजे सण, सुट्टी, परीक्षा, काहीही आडवं आलं नाही तर महिन्याला ३२,४०० रुपये. पण आडवं येतंच. दिवाळीचे तास नाहीत, परीक्षेच्या काळात तास नाहीत, मे महिना तर कोरडाच. आणि झालेल्या तासांचं बिल वर जाऊन पैसे हातात पडेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तोवर किराणा दुकानाची वही चालू असते.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ सालीच अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंत मानधन सुचवलं होतं. ते इथवर पोचलेलं नाही.

सर पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढतात. चौदा नेमणूकपत्रं, वर्षावार लावलेली. सुरुवातीची टंकलिखित, कडा पिवळ्या झालेल्या, अलीकडची संगणकावरची. भाषा बदललेली नाही. नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, सत्र संपताच ती संपेल, तिच्यावर कायमपदाचा हक्क सांगता येणार नाही. सर म्हणतात, "मुलगी पहिलीत होती तेव्हा बायकोला म्हटलं होतं, दोन वर्षं कळ काढ. मुलगी आता बारावीला आहे."

जागा निघतच नाहीत असं नाही. २०१८ साली सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला परवानगी दिली. त्यातल्या १,४९२ भरल्या, तेवढ्यात करोना आला आणि भरतीच थांबली. २०२१ च्या नोव्हेंबरात उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा परवानगी मिळाली. एकेका जागेला आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, ना हरकत आणायची, जाहिरात द्यायची, निवड समिती बोलवायची. या पायऱ्या चढेपर्यंत आणखी माणसं निवृत्त होतात. सरांनी तेव्हा अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. काही ठिकाणी मुलाखतीच्या खोलीबाहेर, हळू आवाजात, एक आकडा त्यांच्या कानावर घातला गेला. त्यांच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन विकली तरी तो भरणार नव्हता. ते एवढंच सांगतात आणि चष्मा पुसायला घेतात. कॅमेरा आम्ही तिथं बंद केला.

(वर्ग. फळ्यावर तारीख. बाकांवर तुरळक मुलं.)

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पटावर एकशे आठ नावं. आज वर्गात एकोणीस. त्यात मुली तेरा.

बाकीचे कुठं आहेत? बरेचसे बाजारपेठेतल्या अभ्यासिकेत. तिथं महिन्याचं भाडं भरून, लाकडी कप्प्यात बसून पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी चालते. काही पुण्याला गेले, शनिवार पेठ-सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर. काही कुठल्याशा गोदामात कामाला. प्रवेश इथं असतो, परीक्षेला येतात. त्यांना नावं ठेवायला जीभ उचलत नाही. ज्या पदवीनं समोर उभ्या असलेल्या सरांना पोटापुरता पगार दिला नाही, त्या पदवीवर मुलांनी भरवसा ठेवावा तरी कसा? ती सगळं बघतात. सर कुठल्या गाडीनं येतात, कुठल्या महिन्यात उधारी करतात, तालुक्याच्या गावात हे लपत नाही.

आणि याच वर्गावर आता नवं शैक्षणिक धोरण येऊन उभं राहिलं आहे. २९ जुलै २०२० ला केंद्रानं ते मंजूर केलं. महाराष्ट्रात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आलं आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही. एका सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक; तीन वर्षांच्या पदवीला १३२. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीनं निवडायचा बाहेरचा विषय, शिवाय कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली. वर्षभरानं थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

कल्पना वाईट नाही. शेतकऱ्याच्या मुलीनं भूगोलाबरोबर संगणक शिकावा, मध्येच लग्न झालं तरी केलेलं शिक्षण वाया जाऊ नये, परत यायचं दार उघडं असावं, हे कुणाला नको आहे? आम्हाला ते मनापासून हवं आहे. पण हे विषय शिकवणार कोण? पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजात वीस पर्याय असतात. इथं ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ज्या विषयाचा माणूस हजर आहे तो विषय. शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा आहे, चार क्रेडिटचा, म्हणजे १२० तास. या तालुक्यात एक पतसंस्था, दोन जिनिंग, काही कृषी सेवा केंद्रं आणि तहसील कचेरी. सर मागच्या महिन्यात पतसंस्थेच्या मॅनेजरना भेटून आले, मुलींना बसू द्या म्हणून विनवून आले. त्या फेरीची नोंद मस्टरवर नाही. मस्टरवर फक्त घड्याळी तास लागतो.

कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असली की रात्री नऊपर्यंत फाइली लावणारे हेच. विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून देणारे हेच. अलीकडे मुलं निबंध आणि प्रकल्प मोबाइलवरून एका मिनिटात लिहून आणतात. हे याच मुलानं लिहिलंय का, हे ओळखायला त्या मुलाचं आधीचं लिहिणं माहीत असावं लागतं. ते कळायला माणूस वर्षभर एका जागी टिकावा लागतो.

मोठी विद्यापीठंही यातून सुटलेली नाहीत. २०२५ च्या एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सर्वसाधारण गटात ३७ वरून थेट ९१ व्या क्रमांकावर आलं. या क्रमवारीत विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, हेही मोजलं जातं. पुण्यात ही घसरण निदान वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. तालुक्याच्या कॉलेजातला भूगोल विभाग ओस पडला तर ती बातमी होत नाही.

(खिडकीतून येणारं ऊन. एक मुलगी मोबाइलवर बोलते आहे.)

तेरा मुलींतली ही एक. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे आणि ओटीपी येतो वडिलांच्या मोबाइलवर. वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेत, कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यावर. आईही बरोबर गेली आहे. घरी आजी आणि धाकटा भाऊ. सकाळपासून तिसरा फोन.

"अण्णा, आलाय का मेसेज? सहा आकडे असतील... वाचता येत नसंल तर मुकादमाला दाखवा की."

तिकडे फडात आवाज तुटत राहतो. ओटीपीची मुदत संपते. सर शेजारी उभे आहेत. "असू दे बाळा, दुपारी भाकरी खायला पालावर येतील तेव्हा लावू." त्यांना ती वेळ पाठ आहे. चौदा वर्षांत असे किती ओटीपी त्यांनी फडातून मागवले असतील!

गेल्या काही वर्षांत काही चांगलंही घडलं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. त्यानं कितीतरी मुलींचं इंजिनिअरिंग-फार्मसीचं दार उघडलं. या मुलीला मात्र बी.ए. करून भूगोलाची मास्तरीण व्हायचं आहे. ती हे सरांसमोर म्हणाली, तेव्हा सर काही बोलले नाहीत.

(भूगोलाची प्रयोगशाळा. मोठ्या टेबलावर भूपत्रक पसरलेलं.)

आता प्रात्यक्षिकाचा तास. टेबलावर सर्व्हे ऑफ इंडियाचं भूपत्रक, पन्नास हजारात एक प्रमाणाचं. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. घड्या पडून पडून मधे फाटलेलं, मागून पारदर्शक टेप लावलेली. ती टेपही पिवळी पडली आहे. सर सांगतात, "तपकिरी रेघा उंचीच्या. लाल ठिपके वस्तीचे. हिरवं ते जंगल, पिवळी ती शेती. आधी आपापलं गाव शोधा."

मुली टेबलावर वाकल्या. कुणाचं मंदिर सापडलं, कुणाची विहीर. ती मुलगी बोटानं डोंगराची धार पकडून खाली उतरत गेली आणि थांबली.

"सर, हे आमचं गाव. पण ही नदी काळी का दाखवलीय?"

"निळी म्हणजे पाणी असलेली. काळी म्हणजे कोरडी. पावसाळा सोडला तर पाणी नाही."

ती पुन्हा वाकली. गावाच्या वर पाहिलं, खाली पाहिलं.

"मग आमच्याकडं सगळ्या काळ्याच हायेत, सर."

वर्गात कुणी हसलं नाही. टेबलाभोवतीच्या मुलींपैकी निम्म्यांचे आईवडील आत्ता फडात आहेत. ते दर दिवाळीनंतर का जातात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आज ते त्यांनी पहिल्यांदा कागदावर पाहिलं.

बेल झाली. सरांनी मस्टरवर सही केली, दहा ते अकरा. मुली हलल्या नाहीत.

"सर, अण्णा गेलेत तो कारखाना ह्याच्यात दिसंल का?"

"ह्यात नाही. ते दुसरं भूपत्रक लागेल."

"आहे का आपल्याकडं?"

सरांनी शिपायाला हाक मारून कपाटाच्या किल्ल्या मागवल्या. लोखंडी कपाटाचं दार अडकतं, खालून लाथ मारावी लागते. आत गुंडाळ्यांवर धूळ. एकेक गुंडाळी काढून ते क्रमांक वाचू लागले. मुली टेबलावरची जागा मोकळी करू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि परतीची गाडी केव्हाच निघून गेली होती.