हफमन प्रेअरी : गाईंच्या कुरणात शिकलेलं उड्डाण

(दृश्य : सकाळचं दव, कापलेलं गवत, दूरवर पांढरी निशाणं)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहराच्या ईशान्येला सुमारे 13 किलोमीटरवर हे 84 एकरांचं कुरण आहे. मालक टॉरन्स हफमन, पेशाने बँकर. 1904 साली विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंनी जागा मागितली तेव्हा त्यांनी भाडं घेतलं नाही. सांगणं एवढंच : उडण्याआधी गाई-घोडे बाहेर हाका.

राइट बंधूंचं इंजिनाचं विमान पहिल्यांदा जिथे उडालं, त्या किटी हॉकचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण 1903 मधलं तिथलं सर्वांत लांब उड्डाण 59 सेकंदांचं होतं, तेही सरळ. इंजिनाचं विमान वळवायचं कसं, हे या कुरणात कळलं.

(दृश्य : गवताचे उंचवटे, कॅमेरा जमिनीलगत)

जमीन जुन्या दलदलीची, जागोजागी गवताचे सहा-सहा इंची उंचवटे. विमानाला चाकं नव्हती, खाली लाकडी दांडे. म्हणून ते छोट्या गाड्यावर ठेवून रुळावरून सोडायचे. किटी हॉकला समोरून जोरदार वारा असे, तिथे 60 फूट रूळ पुरला. इथे वारा मंद, जागा समुद्रसपाटीपासून 800 फुटांवर, त्यात उन्हाळ्यात हवा आणखी विरळ. रूळ 200 फुटांपलीकडे वाढवून पाहिला. पण रूळ वाऱ्याच्या तोंडाला हवा. तो मांडून होईपर्यंत वारा दिशा बदलायचा, की उखडा आणि पुन्हा मांडा.

(दृश्य : मनोऱ्याची प्रतिकृती, पायापासून माथ्यापर्यंत)

7 सप्टेंबर 1904 पासून रुळामागे असा मनोरा आला. माथ्याशी टांगलेलं वजन पुढे 1,600 पौंडांपर्यंत गेलं, म्हणजे सव्वासातशे किलो. आता दोर पाहा. वजनापासून कप्प्यांतून खाली, रुळालगत थेट पुढच्या टोकाला, तिथल्या कप्पीला वळसा घालून परत विमानाकडे. कप्प्यांची जुळणी अशी की वजन साडेसोळा फूट खाली येईपर्यंत विमान 50 फुटांच्या आसपास ओढलं जाई. इंजिनाचा जोर त्यात मिळे आणि रूळ संपता संपता दोर सुटे. आता वारा पडला तरी उडता येऊ लागलं.

20 सप्टेंबरला विल्बरने पहिलं पूर्ण वर्तुळ काढलं, 1 मिनिट 36 सेकंदांत. ते डोळ्यांनी पाहून छापणारे एमॉस रूट हे मधमाशीपालनाच्या नियतकालिकाचे संपादक होते.

(दृश्य : 1905 चं विमान, जुनी छायाचित्रं)

तरी विमानाचं नाक सतत वरखाली होई. 14 जुलै 1905 ला ऑर्व्हिल जोरात आदळला. मग पुढचं आडवं सुकाणू मोठं करून पंखांपासून बरंच पुढे नेलं. एक दोष तरीही उरला : तीव्र वळणात आतल्या पंखाचा वेग घटून त्याची उचल तुटायची. सप्टेंबरच्या अखेरीस ऑर्व्हिल असाच एका काटेरी झाडाकडे घसरत निघाला, त्याने नाक खाली दाबलं आणि विमान सावरलं. 5 ऑक्टोबरला विल्बर याच कुरणावर 39 मिनिटं घिरट्या घालत राहिला. अंतर 39 किलोमीटर. इंधन संपलं म्हणून उतरला.

(दृश्य : शेडची प्रतिकृती, मागे लष्करी तळ)

1910 ते 1916 इथे राइट कंपनीची शाळा चालली, 119 वैमानिक तयार झाले. 1917 मध्ये जागा लष्कराकडे गेली. विमान ठेवायची मूळ शेड पाडली गेली. निशाणं जुन्या कुरणाची हद्द दाखवतात.