विहिरीत सापडलेला हिरवा खडा

श्रोतेहो, नमस्कार. काही महिन्यांपूर्वी सिन्नर तालुक्यातील एक शेतकरी रुमालात बांधलेला एक हिरवट स्फटिक घेऊन माझ्याकडे आले होते. विहिरीच्या खोदकामात सुरुंग उडवल्यानंतर काळ्या खडकाची एक पोकळी उघडी पडली आणि तिच्या तळाशी हा आवळ्याएवढा खडा सुटा पडलेला मिळाला, असे त्यांनी सांगितले. गावातील एका जाणत्याने तो पाचू असल्याचे ठामपणे सांगितले होते, दुसऱ्याने तो बाटलीच्या काचेचा तुकडा ठरवला होता, आणि आता तिसरे मत माझ्याकडून हवे होते. अनोळखी स्फटिक ओळखायचा कसा, हे आज मी त्या एका खड्याच्या आधारेच सांगणार आहे.

तपासाची सुरुवात मी खडा हातात घेण्याआधीच केली. तो कोणत्या खडकातून निघाला, हे मी प्रथम विचारले. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. तो रस थिजताना आत अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने निरनिराळी खनिजे जमवली. त्यांत गार, म्हणजे क्वार्ट्झ, आणि कॅल्साइट असते, झिओलाइट कुळातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी खनिजे असतात, आणि त्या कुळातले नसूनही नेहमी त्यांच्याच सोबतीने आढळणारे अपोफिलाइट असते. पाचू हे बेरील या खनिजाचे हिरवे रूप होय. त्याला बेरिलियम हे मूलद्रव्य लागते आणि आपल्या बेसाल्टमध्ये ते पुरेसे नसते. भारतात पाचू सापडतो तो मुख्यतः राजस्थानात, अगदी वेगळ्या जातीच्या खडकांत. त्यामुळे पाचूचा दावा खडा पाहण्यापूर्वीच डळमळीत झाला होता. तथापि खडा न पाहता निकाल देणे मला पटत नाही.

रंगाकडे मी मुद्दामच शेवटी वळतो, कारण खनिजांच्या बाबतीत रंग हा फार बेभरवशाचा साक्षीदार आहे. अत्यल्प प्रमाणात मिसळलेले एखादे मूलद्रव्य संपूर्ण स्फटिक रंगवू शकते. आपल्याकडील अपोफिलाइट बहुधा रंगहीन किंवा पांढरे असते, परंतु त्यात किंचित व्हॅनेडियम शिरले की त्याला सुरेख हिरवी छटा येते. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतून निघणारे कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिजही आपल्या रंगासाठी व्हॅनेडियमचेच ऋणी आहे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे निळे गोंडे एकदा पाहिले की विसरता येत नाहीत, आणि येथे तरी रंगावर विसंबता येईल, असे वाटू लागते. मात्र त्याच खाणींत पेंटागोनाइट नावाचे खनिजही मिळते. त्याचा रंग तसाच आणि रासायनिक घटकही तेच. फक्त अणूंची मांडणी वेगळी!

रंगापेक्षा आकार अधिक खरे बोलतो. दहापट मोठे दाखवणारे, सराफ वापरतात तसले भिंग घेऊन मी त्या खड्याच्या कडा मोजल्या. बेरीलचा स्फटिक षट्कोनी खांबासारखा असतो. गारेचे स्फटिकही सहा बाजूंचे असतात आणि त्यांच्या उभ्या बाजूंवर आडव्या बारीक रेषा दिसतात. या खड्याचा छेद चौकोनी होता, उभ्या बाजूंवर बारीक रेषा होत्या त्याही उभ्याच, आणि वरच्या टोकाचे कोपरे तिरपे कापल्यासारखे होते. बाजू काचेसारख्या चकाकत होत्या, तर माथ्यावरचा सपाट पृष्ठभाग मोत्यासारखा मंद झळकत होता. एकाच स्फटिकावर अशा दोन तऱ्हांची चमक दिसणे ही अपोफिलाइटची फार चांगली खूण आहे. त्या मोतिया पृष्ठभागाला समांतर अशा भेगा आत दिसत होत्या. त्या दिशेने हे खनिज सहज पापुद्र्यांत सुटते. भूविज्ञानात या गुणधर्माला पाटन म्हणतात. तापवल्यावर या खनिजाचे पापुद्रे सुटतात, आणि त्यावरूनच त्याला पान सुटून येण्याचा अर्थ असलेले ग्रीक नाव मिळाले. काचेला पाटन नसते, ती शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठभागांनी फुटते, आणि भिंगाखाली तिच्यात बहुधा गोल बुडबुडे दिसतात. येथे त्यांतले काहीच नव्हते.

यानंतर कठिनता. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये सुचवलेली, शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० अंक देणारी श्रेणी आजही वापरात आहे. तिच्यात कॅल्साइट ३, गार ७, पाचू साडेसात ते आठ आणि अपोफिलाइट साडेचार ते पाच येते. खिडकीची काच साधारण साडेपाच असते. जो खडा काचेवर ओरखडा काढतो तो मौल्यवान, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि ती साफ चुकीची आहे, कारण ओढ्यातली साधी गारगोटीदेखील काचेवर ओरखडा काढते. ही परीक्षा उलट दिशेने मात्र उपयोगी पडते: जो काचेवर ओरखडा काढू शकत नाही, तो पाचू नव्हे. सुदैवाने रुमालात त्याच खड्याचा एक बारीक तुकडाही होता. तो काचेवर दाबून फिरवला, तेव्हा काचेवर पांढरी रेघ उमटली. बोटाने पुसताच ती गेली. ती रेघ तुकड्याच्याच भुकटीची होती. आपल्या खड्यावर अशी परीक्षा कधीही थेट करू नये. सुबक स्फटिकाचे सारे मोल त्याच्या अखंड कडांत असते. भुकटीवर लिंबाचा रस पिळून पाहावे, बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. आमच्या भुकटीवर काहीच झाले नाही.

राहिले विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा खडा किती पट जड आहे ते, आणि माझ्या मते घरी करता येण्याजोग्या परीक्षांमध्ये हीच सर्वांत प्रामाणिक आहे. प्रथम खड्याचे वजन केले. ते ४७ ग्रॅम भरले. मग त्याच काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्यावर आणला, आणि खडा दोऱ्याने बांधून पाण्यात असा सोडला की तो पूर्ण बुडावा, परंतु तळाला किंवा काठाला टेकू नये. काट्यावर जो आकडा दिसतो तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो. तो २० ग्रॅम दिसला. ४७ ला २० ने भागले की २.३५ येतात. अपोफिलाइटचे विशिष्ट गुरुत्व २.३ ते २.४ च्या दरम्यान असते, गारेचे २.६५ आणि पाचूचे २.७ च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या पाचूने जेमतेम सतरा ग्रॅम पाणी सारले असते. मात्र खड्याला मूळ खडक चिकटलेला असेल तर हा हिशेब फसतो, हे ध्यानात ठेवावे.

यापुढची खात्री प्रयोगशाळेत होते. तेथे रत्नपारखी वक्रीभवनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजतात. तो अपोफिलाइटसाठी १.५३ ते १.५४ आणि पाचूसाठी १.५७ ते १.५८ च्या जवळपास असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या, प्रकाशाच्या विखुरण्याशी संबंधित परिणामावर आधारलेले उपकरण तर खड्याला धक्का न लावता काही क्षणांत त्याची ओळख पटवते. रामन स्वतः रत्ने आणि स्फटिक हौसेने जमवीत असत, हे येथे जाता जाता सांगायला हवे.

मी शेतकऱ्यांना सांगितले, की हा पाचू नाही, काचही नाही. हे हिरवे अपोफिलाइट आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “म्हणजे अंगठीत बसवता येणार नाही?” मी सांगितले, की हा खडा मऊ आहे, पापुद्र्यांनी सुटणारा आहे, अंगठीत तो टिकणार नाही, पण संग्राहक असे अखंड हिरवे स्फटिक आवर्जून शोधतात, म्हणून तो आम्लाने धुऊ नका आणि पैलू पाडायला देऊ नका. सिन्नरच्याच गारगोटी संग्रहालयात याचे भाऊबंद मांडलेले आहेत, ते एकदा पाहून या, असेही सुचवले. त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि जाता जाता विचारले, की विहिरीतून काढून बांधावर टाकलेल्या राडारोड्यात असे आणखी काही असेल का. मी म्हणालो, पोकळी असलेले दगड आधी बाजूला काढा, आणि हातोडी मात्र पोकळीपासून दूरच मारा.